पैसे संपले म्हणून वाचलेलं घर

आम्ही सिडनीच्या वायव्येला, शोफिल्ड्सला राहायला आलो तेव्हा इथे सगळंच नवं होतं. घरं नवी, रस्ते नवे, झाडं इतकी लहान की काठीला बांधून उभी केलेली, आणि मे २०१९ मध्ये ड्रायव्हर नसलेली मेट्रो सुरू झाली तेव्हा तर अख्खा एरिया बदलून गेला. आपली माणसंही भरपूर, संध्याकाळी पार्कात गेलं की भारतातून आलेले आजी-आजोबा बाकावर बसलेले दिसतात आणि कानावर मराठी पडतंच. या सगळ्या नव्याच्या मधे विंडसर रोडवरून जाताना एका टेकडीवर गर्द जुनी झाडं दिसायची आणि त्यात काहीतरी दगडी. मी चार वर्षं ते जुनं कबरस्तान समजत होते. कधी गाडी थांबवून बघितलं नाही.

मग लेकीची शाळेची सहल तिथे गेली. घरी आली आणि सांगायला लागली की आम्ही १८८८ सालच्या शाळेत बसलो, पाटीवर लिहिलं, हात मागे बांधून उभं राहायचं असतं, आणि आई तिथे एक घर आहे ज्यात एकाच फॅमिलीचे लोक सहा पिढ्या राहिले आणि त्यांनी काहीच फेकलं नाही. हे "काहीच फेकलं नाही" तिला फार आवडलं होतं, कारण तिच्या खोलीतल्या पसाऱ्यावरून आमचं रोज वाजतं. त्या वर्षी आई-बाबा आलेले होते तीन महिन्यांसाठी, त्यांनाही घरात बसून कंटाळा आला होता, म्हटलं चला, एका रविवारी बघून येऊ.

तर हे राऊज हिल हाउस. आमच्या शेजारच्या सबर्बचं नावच या घरावरून, म्हणजे खरं तर माणसावरून. रिचर्ड राऊज १८०१ मध्ये बायको एलिझाबेथबरोबर इंग्लंडहून इथे आला, कैदी म्हणून नाही, स्वतःच्या खुशीने आलेला सेटलर. १८०५ मध्ये त्याला पॅरामाटाला सरकारी बांधकामं आणि कैदी यांच्यावर सुपरिंटेंडंट नेमलं. १८०८ मध्ये इथे सैन्याने गव्हर्नर ब्लाय यालाच पदावरून हटवलं, तेव्हा राऊज गव्हर्नरच्या बाजूने राहिला, त्यात नोकरी गेली, मग १८१० मध्ये नवा गव्हर्नर मॅक्वारी आला आणि त्याने त्याला परत घेतलं. पुढे १८१६ मध्ये मॅक्वारीने त्याला ४५० एकर जमीन दिली, पॅरामाटा ते विंडसर या रस्त्यावर. घराचं काम मात्र त्याच्या आधीच, १८१३ च्या सुमारास सुरू झालं होतं आणि बरीच वर्षं चाललं. वाळूच्या दगडाचं दुमजली, समोरून एकदम सरळ आणि साधं, खिडक्या एका रेषेत. बांधलं कैद्यांनी.

ही जागा साधी नव्हती. १८०४ च्या मार्च महिन्यात कॅसल हिलच्या सरकारी शेतावरच्या कैद्यांनी बंड केलं, त्यात बरेचसे आयरिश, दोनशेच्या वर माणसं, आणि सैन्याने त्यांना याच परिसरात गाठून बंड मोडलं, काही माणसं मारली. त्यांचा पुढारी फिलिप कनिंगहॅम, त्याला फाशी दिली. आयर्लंडमध्ये १७९८ साली व्हिनेगर हिल नावाच्या टेकडीवर मोठी लढाई झाली होती, त्यावरून लोक या जागेलाही व्हिनेगर हिल म्हणायला लागले. मॅक्वारीला हे नाव पुसायचं होतं म्हणून त्याने राऊज हिल नाव दिलं असं सांगतात. म्हणजे मी रोज ज्या मेट्रो स्टेशनवर "राऊज हिल" ऐकते ते नाव एका बंडावर घातलेलं पांघरूण आहे, हे कळल्यावर मला त्या स्टेशनवर पूर्वीसारखं उभं राहता येत नाही.

आणि हा मॅक्वारी आपल्याकडचाच म्हणायचा, म्हणजे इथे यायच्या आधी त्याची कितीतरी वर्षं मुंबईत गेलेली. त्याचं पहिलं लग्न मुंबईत झालं, ती बायको, जेन जार्विस, मकाऊला वारली आणि तिला पुरलं मुंबईत आणून. १७९५ मध्ये त्याने कोचीनला दोन लहान गुलाम मुलं विकत घेतली होती, त्यातला एक जॉर्ज जार्विस. तो त्याच्याबरोबर इथे सिडनीला आला आणि आयुष्यभर त्याच्याकडेच राहिला. आपण इथे आलेले पहिले भारतीय कोण, असं आमच्या ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी विचारतं, तेव्हा मला हा मुलगा आठवतो. त्याच्यासाठी कुणी व्हिसा काढला नव्हता, त्याला विकत घेतलं होतं.

बरं, टूरकडे येते. घरात आपलं आपण फिरता येत नाही, गाईडबरोबर छोट्या ग्रुपनेच जायचं, कशालाही हात लावायचा नाही. आत पाय ठेवल्यावर पहिल्यांदा काय जाणवतं तर अंधार. पडदे ओढलेले, कारण उजेडाने कापड आणि कागद जळतो. मग डोळे सरावले की दिसायला लागतं. भिंतीवरचा कागद विटलेला, काही ठिकाणी सुटून आलेला. छताला डाग. गालिचा इतका झिजलेला की खालचं विणकाम दिसतंय. बिस्किटांचे जुने डबे, पुस्तकं, कुणाची तरी टोपी. माझी आई हळूच मला म्हणाली, "अगं, एवढं सरकारी म्युझियम, आणि भिंतीला रंग नाही देता येत यांना?"

मी ते गाईड बाईंना भाषांतर करून सांगितलं. मला वाटलं त्यांना राग येईल, पण त्या एकदम खुश झाल्या. म्हणाल्या, रंग द्यायचा ठरवला तर कुठल्या सालचा द्यायचा ते तुमच्या आईला विचारा. १८२० चा? १८६० चा? १९३० चा? प्रत्येक वेळी बाकीच्या सगळ्यांना खोडावं लागेल.

हे उत्तर माझ्या डोक्यातून गेलंच नाही, आणि म्हणून ही पोस्ट लिहितेय.

आता हे घर असं राहिलं कसं, ती गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिल्या तीन पिढ्यांकडे पैसा होता. मेंढ्या, गुरं, घोडे, आतल्या भागात आणखी जमिनी. रिचर्ड राऊज १८५२ मध्ये गेला, मग मुलगा एडविन, मग नातू एडविन स्टीफन. या नातवाच्या काळात १८७६ मध्ये विटांचा सुंदर तबेला बांधला, जॉन हॉर्बरी हंट या त्या काळच्या मोठ्या आर्किटेक्टकडून. तबेल्यासाठी आर्किटेक्ट! यावरून घोड्यांचं काय स्थान होतं ते कळतं. न्यू साउथ वेल्सचे घोडे तेव्हा जहाजातून मद्रास, कलकत्ता, मुंबईला जायचे, ब्रिटिशांच्या हिंदी फौजेसाठी, आणि वेल्सवरून त्यांना नावच पडलं वेलर. बाबांना हे ऐकून फार मजा वाटली, ते म्हणाले घोडे तिकडून आमच्याकडे आणि इंजिनियर आमच्याकडून तिकडे.

मग नातवाची मुलगी नीना. तिचं लग्न जवळच्याच बॉक्स हिलच्या जॉर्ज टेरीशी झालं. टेरी म्हणजे शौकीन माणूस, शिकारी कुत्र्यांचा हंट क्लब, त्याचा तो मास्टर, घोडे, पार्ट्या. १९२० च्या दशकात त्याचं दिवाळं निघालं आणि नीना नवऱ्याला आणि मुलांना घेऊन माहेरी या घरात राहायला आली. तिथून पुढे या घरात पैसा असा आलाच नाही. जमीन तुकड्या-तुकड्याने विकत गेले. नीना १९६८ मध्ये गेली. तिच्या मुलांनी घर सोडलं नाही, पण नवं काही घ्यायची ऐपतही नव्हती, त्यामुळे जे मोडलं ते तारेने बांधायचं, पत्र्याचा तुकडा ठोकायचा, फाटलं तिथे ठिगळ लावायचं. नवा कागद लावायला पैसे नाहीत म्हणून जुना भिंतीवर राहिला. नवं फर्निचर घ्यायला पैसे नाहीत म्हणून पणजोबांचं राहिलं. आजूबाजूच्या ज्या घरांत पैसा होता त्यांनी १९५० आणि ६० मध्ये सगळं काढून सनमायका लावला असेल, या घराला ते परवडलंच नाही, आणि म्हणून आज ते आहे.

१९७८ मध्ये राज्य सरकारने घर आणि उरलेली जमीन ताब्यात घेतली. कुटुंबाला हे सोपं गेलं नसणार, दीडशे वर्षांच्या वर आपलं असलेलं घर एका सहीने सरकारचं होतं आणि आत आपलाच म्हातारा माणूस राहतोय. नीनाचा मुलगा जेराल्ड टेरी त्यानंतरही बरीच वर्षं तिथेच राहिला. घर सरकारी, पण आतल्या पुष्कळ वस्तू कुटुंबाच्या, आणि घराचा जीव तर त्या वस्तूंतच, तेव्हा त्यावर खूप बोलणी झाली. १९८७ मध्ये हिस्टॉरिक हाउसेस ट्रस्टकडे ते आलं (आता या संस्थेचं नाव म्युझियम्स ऑफ हिस्ट्री एनएसडब्ल्यू आहे) आणि लोकांसाठी उघडायला १९९९ उजाडलं. बारा वर्षं! आपल्याला वाटेल सरकारी दिरंगाई, पण त्यातलं खूपसं काम हे फक्त लिहून ठेवण्याचं असतं, कुठली वस्तू कुठे, कशाखाली काय, कुणाची. एकदा हलवली की ती माहिती गेली.

आणि इथे त्यांनी ठरवलं की घर जसं हाती आलं तसंच ठेवायचं. ऑस्ट्रेलियात जुन्या वास्तूंसाठी एक नियमावली आहे, १९७९ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियातल्या बरा या गावी ठरवलेली म्हणून तिला बरा चार्टर म्हणतात. त्यातला मूळ मुद्दा असा की वास्तू टिकावी आणि वापरता यावी यासाठी लागेल तेवढं सगळं करा, पण त्याच्यापलीकडे होईल तितका कमी बदल करा. ऐकायला सोपं आहे. करायला अतिशय कठीण, कारण माणसाला हात शिवशिवतात. छत गळू नये म्हणून ते बघायचं, पन्हाळी साफ ठेवायच्या, वाळवी शोधत राहायचं, कसर लागू द्यायची नाही, सुटलेला कागद आहे त्या जागी परत धरून ठेवायचा, पण डाग पुसायचा नाही. काम चांगलं झालं तर ते दिसतच नाही. मला हे फार मोठं वाटतं.

आता याच ट्रस्टचं दुसरं घर सांगते म्हणजे फरक कळेल. हॅरिस पार्कला विग्रम स्ट्रीटवर आपण सगळेच डोसा-चाट खायला जातो, तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर एलिझाबेथ फार्म आहे आणि कितीतरी लोकांना पत्ताही नाही. १७९३ चं घर, जॉन आणि एलिझाबेथ मॅकार्थर यांचं, ऑस्ट्रेलियात युरोपियनांनी बांधलेलं आज उभं असलेलं सगळ्यात जुनं बांधकाम यातच आहे. हा मॅकार्थर म्हणजे ब्लायला हटवण्यामागचा माणूस, राऊजच्या अगदी विरुद्ध पार्टी. तो त्या भानगडीमुळे १८०९ ते १८१७ इंग्लंडला अडकला आणि मागे मेरिनो मेंढ्यांचा सगळा कारभार बायकोने सांभाळला, पण पुस्तकात नाव त्याचंच आलं. घर पुढे पडायला आलं होतं, १९०४ मध्ये स्वान नावाच्या कुटुंबाने घेतलं, त्यांना मुलीच मुली, त्यातल्या काही शिक्षिका, आणि त्यांनी ते १९६८ पर्यंत जपलं. ट्रस्टकडे आलं तेव्हा आत मूळ सामान काहीच नव्हतं. मग त्यांनी काय केलं, जुन्या नोंदी बघून सगळं फर्निचर नवं बनवून घेतलं आणि सांगितलं की बसा, हात लावा, खुर्च्या ओढा, शेकोटीजवळ बसा. कुठे दोरी नाही. माझी लेक तिथल्या पलंगावर लोळली आणि कुणी काही बोललं नाही.

तिथला व्हरांडा बघाच. खाली उतरतं छप्पर, सावली, समोर बाग. बाबा तिथे टेकले आणि म्हणाले, "ही तर आपली पडवी." व्हरांडा ही इथे हिंदुस्थानातून आलेल्या साहेबांनी आणलेली गोष्ट, शब्दही तिकडूनच आलाय, आणि त्यांना उन्हाळ्यात कळलं असणार की इंग्लंडसारखं घर इथे चालणार नाही. (त्याच भागातला सर्जन जॉन हॅरिस, ज्याच्यावरून हॅरिस पार्क नाव पडलं, त्याने १८०० नंतरच्या काळात भारतातून चितळ आणून पाळले होते. ऑस्ट्रेलियात आलेलं पहिलं हरीण ते. आज डोशाच्या लाइनमध्ये उभी असते तेव्हा मला तिथे चितळ दिसतात.)

दोन्ही घरं एकाच संस्थेने सांभाळली आणि दोन उलट पद्धतींनी, आणि दोन्ही बरोबर. रिकामं घर मिळालं तर त्यात लोकांना खेळू द्या. भरलेलं मिळालं तर हात मागे.

एक गोष्ट मात्र घरात दिसत नाही आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं अर्धवट राहील. ही सगळी जमीन इथल्या मूळच्या आदिवासींची, दारुग लोकांची. ज्या १८१६ साली राऊजला ४५० एकर मिळाले त्याच वर्षी एप्रिलमध्ये अॅपिनला मॅक्वारीच्या सैनिकांनी आदिवासी माणसं, बायका, मुलं मारली. आणि ज्या दोघा आदिवासींनी वाटाड्या म्हणून सैन्याला मदत केली, कोलबी आणि नराजिंजी, त्यांना मिळून ३० एकर. इथून थोडं दूर रिचमंड रोडला. ४५० आणि ३०. त्या जमिनीच्या जवळच १८२३ मध्ये आदिवासी मुलांना आईबापांपासून लांब ठेवून शिकवायची शाळा आणली आणि त्या सगळ्या वस्तीवरून ब्लॅकटाउन हे नाव आलं, जे माझ्या पत्त्यावर आहे, कौन्सिलच्या प्रत्येक बिलावर आहे. त्या शाळेची जागा २०१८ मध्ये दारुग लोकांना परत दिली. तिथे आता इमारत काही नाही, गवत आहे. दगडी घर टिकलं म्हणून त्याची टूर होते, ज्यांची घरं टिकू दिलीच नाहीत त्यांचं काय जपायचं, तर जमीनच.

आता बाबांबद्दल. राऊज हिलच्या घरात ते पूर्ण वेळ गप्प होते. त्यांना बघण्याची आवड आहे, प्रश्न विचारतात, पण त्या दिवशी नाही. बाहेर आल्यावर बागेतल्या बाकावर बसले, ही बाग देशातल्या जुन्यात जुन्या बागांपैकी, मूळची आखणी अजून तीच, आणि ते समोर बघत म्हणाले, "आपण चिरे मोजून विकले."

आमचं घर गुहागरच्या बाजूला. चिऱ्याचं, वर कौलं, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे न्हाणीघर. खळ्यात तुळस. पणजोबांनी बांधलेलं. मी लहान असताना मे महिन्यात जायचो तेव्हा कौलं परतायचं काम चालायचं, गडी वर चढायचे, फुटकी कौलं खाली द्यायचे आणि आम्ही मुलं रांगेत उभी राहून नवी वर पोचवायचो. माजघरातल्या खांबावर चुलत्यांच्या उंचीच्या खुणा होत्या, प्रत्येकाच्या नावाने, कोळशाने. मग मुंबईची नोकरी, आखातातली नोकरी, सगळ्यांकडे पैसे आले. काका-बाबा-आत्या सगळ्यांनी बसून ठरवलं की दरवर्षी कौलं परतायला माणूस मिळत नाही, वाशांना वाळवी, त्यापेक्षा स्लॅबचं बांधू. कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, गावात राहणाऱ्या काकूला पावसात रात्री उठून गळतीखाली भांडी ठेवावी लागायची, आम्ही वर्षातून पंधरा दिवस जाणार आणि जुनं घर किती छान म्हणणार, याला काही अर्थ नाही. पण खांब कुठे गेला हे आज कुणाला माहीत नाही. तो कुणी लिहून ठेवला नाही, फोटो काढला नाही. घर पाडायचं ते पाडलं असतं, पण खांब बाजूला काढायला काय लागलं असतं?

पैसा नव्हता तोपर्यंत आमचंही घर टिकलं होतं.

बाबांनी राऊज हिलच्या गाईड बाईंना शेवटी एकच प्रश्न विचारला, मला भाषांतर करायला लावून, की तुम्ही पहिलं काम काय करता. त्यांना वाटलं असेल म्हातारा माणूस सहज विचारतोय, पण त्यांनी नीट सांगितलं. आधी पाणी थांबवायचं. मग यादी करायची. मग हात लावायचा, लावायचाच असेल तर.

आई-बाबा परत गेले. आमच्या त्या जागेवर मागच्या बाजूला जुना गोठा तेवढा राहिलाय, त्याच्यावरची कौलं मूळ घराच्या काळातली, आत सगळं अडगळीचं सामान, दारं, पाट, नांगराचा तुकडा, जातं. मे महिन्यात बाबा गावी गेले होते. काकांशी बोलून दोन माणसं मिळवली, गोठ्याची कौलं परतून घेतली, चौसष्ट फुटकी निघाली. मग त्यांनी शाळेची दोनशे पानी वही घेतली आणि आतल्या वस्तू लिहायला बसले, एका पानावर एक, कुणी आणली, कशाला वापरायचे, कोण काय सांगतं. काकू बाजूला बसून सांगतेय असा फोटो आलाय व्हॉट्सअॅपवर. काल एकतिसाव्या पानाचा फोटो पाठवला. एक जुना आडवा वासा सापडलाय जात्याच्या मागे, त्याच्यावर काळ्या रेघा आहेत, कोळशाच्या आहेत की धुराच्या ते त्यांना ठरवता येत नाहीये, आणि तो पुसून बघू का असं काकांनी विचारलं तर बाबांनी नको म्हणून सांगितलंय.